नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएच.डी. : अनुभवी शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकाऱ्यांसाठी

वर्गात किंवा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत पंधरा-वीस वर्षे काढल्यावर शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करावी असे वाटणारे शिक्षक महाराष्ट्रात बरेच आहेत. त्यांची अडचण बहुधा अभ्यासाची नसते. कोणता कागद आधी मिळवायचा, कोणाची परवानगी कोणत्या टप्प्यावर लागते आणि इतक्या वर्षांच्या अनुभवातून संशोधनाचा प्रश्न काढायचा कसा, या तीन ठिकाणी बहुतेकांचे घोडे अडते. मी माध्यमिक शाळेतील नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. पूर्ण केली, आणि पुढील मजकूर जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि डाएटमधील (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील) अधिव्याख्याते यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नियमांचा आधार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांचा आहे. प्रत्येक विद्यापीठ त्यांवरून स्वतःचे परिपत्रक काढते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे चालू वर्षाचे परिपत्रक शब्दशः वाचावे.

१. कशासाठी करायची, हे आधी ठरवा

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या वेतनश्रेणीत पीएच.डी.मुळे आपोआप बदल होत नाही. पदवी हाती आली की पगार वाढेल, असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे शासन निर्णयाची प्रत मागावी. बी.एड. किंवा एम.एड. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून जाण्याचा विचार असेल, तर पदवीचा उपयोग निश्चित आहे. मात्र जुलै २०२३ पासून थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट वा स्लेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा ही किमान अट असून पीएच.डी. ऐच्छिक आहे, हेही लक्षात ठेवावे. ज्यांना केवळ या नोकरीत प्रवेश हवा आहे त्यांनी आधी सेट द्यावी. कमी वर्षांत काम होते.

अमेरिकेत व इंग्लंडमध्ये कार्यरत शिक्षक-प्रशासकांसाठी ‘एड.डी.’ नावाची वेगळी व्यावसायिक डॉक्टरेट आहे. हार्वर्डने ती १९२० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू केली. आपल्याकडे तशी वेगळी वाट रूढ नाही. वीस वर्षे शाळा चालवलेल्या मुख्याध्यापकालाही नुकत्याच एम.एड. झालेल्या विद्यार्थ्याच्याच चाळणीतून जावे लागते. हे न्याय्य आहे का, हा वाद वेगळा. पण अनुभवाला गुण मिळतील या भरवशावर अर्ज करू नये.

२. पात्रता तपासा

पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेयर इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ही पदवी कोणत्या विषयातील, हाच कळीचा मुद्दा. एम.ए. मराठी किंवा एम.एस्सी. गणित आणि सोबत बी.एड. असलेले पुष्कळ शिक्षक आपण शिक्षणशास्त्रासाठी पात्र आहोत असे धरून चालतात. बहुतेक विद्यापीठे या विषयासाठी एम.एड. किंवा एम.ए. (शिक्षणशास्त्र) मागतात. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचे झाल्याने नोकरी सोडल्याशिवाय ते करणे अवघड आहे. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षणातील एम.ए. (शिक्षणशास्त्र) हा अनेकांनी घेतलेला मार्ग आहे, पण ती पदवी आपल्या निवडलेल्या विद्यापीठात ग्राह्य धरली जाते याची लेखी खात्री प्रवेश घेण्याआधी करावी.

३. विद्यापीठ निवडा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नंतर शिक्षणशास्त्र हा विषय आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेखाली येतो. संकेतस्थळावर मानव्यविद्या शाखेत शोधाशोध करून ‘या विद्यापीठात विषयच नाही’ असा निष्कर्ष काढणारे उमेदवार दरवर्षी भेटतात.

विद्यापीठ निवडताना नावाच्या आधी अंतर पाहावे. अभ्यासक्रमाचे तास, सहामाही सादरीकरणे, मार्गदर्शकांच्या भेटी आणि ग्रंथालय यांसाठी वारंवार जावे लागते, त्यामुळे रात्रीच्या गाडीने पोचून दुसऱ्या दिवशी शाळेत हजर होता येईल असे केंद्र असले तर काम टिकते. शैक्षणिक नियोजन व प्रशासनात काम करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचा, म्हणजे नीपाचा, अर्धवेळ पीएच.डी.चा पर्यायही पाहावा. तो अशाच अनुभवी लोकांसाठी आहे.

येथेच एक सापळा सांगून ठेवतो. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळणारी पीएच.डी. आयोगाला मान्य नाही. परदेशी संस्थेच्या नावाने अशी पदवी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांपासून सावध राहण्याचा इशारा आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना नियमभंगामुळे पाच वर्षे पीएच.डी. प्रवेश देण्यास मनाई करण्यात आली. ‘दोन वर्षांत, हजेरीशिवाय, प्रबंधासह’ असा निरोप मोबाइलवर आला, तर त्यावर विचार करण्याचेही कारण नाही. किमान कालावधीच तीन वर्षांचा आहे.

४. ना हरकत प्रमाणपत्र : सगळ्यांत आधी हलवायचा कागद

अर्धवेळ प्रवेशासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचे आहे, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाचे स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. कार्यालये बहुधा ‘पीएच.डी. करण्यास हरकत नाही’ एवढे एका ओळीचे पत्र देतात आणि विद्यापीठ ते परत पाठवते. म्हणून मसुदा आपणच तयार करून अर्जासोबत जोडावा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढतो. प्रत्येक पायरीवर आवक क्रमांक घ्यावा आणि पोचीची प्रत जपावी. खासगी संस्थेत संस्थेच्या ठरावाची प्रतही मागून घ्यावी, कारण संस्थेत सत्ताबदल झाला की तोंडी परवानगी कोणालाच आठवत नाही. परवानगी नोकरीत असताना घेतलेली आणि प्रवेशाच्या तारखेआधीची असावी. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करण्याची वेळ येते तेव्हा नेमकी हीच तारीख पाहिली जाते.

अध्ययन रजेचा प्रश्न याच वेळी काढून ठेवावा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये तिची तरतूद आहे, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही. सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात. पगार घेणाऱ्या शिक्षकाने त्यांचा हिशेब धरू नये.

या काळात पुढील कागद एका फाइलमध्ये लावून ठेवावेत :

– दहावीपासून पदव्युत्तर पदवीपर्यंतच्या सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रे
– दुसऱ्या विद्यापीठातून आल्यास स्थलांतर प्रमाणपत्र
– जातीचे, नॉन-क्रीमीलेयर, आर्थिक दुर्बल घटक किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र, लागू असेल ते
– नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र
– नेट, सेट किंवा एम.फिल. असल्यास त्याचे प्रमाणपत्र
– नियुक्ती आदेश, मान्यता पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र
– ना हरकत प्रमाणपत्र, वर सांगितलेल्या तिन्ही विधानांसह
– प्राथमिक संशोधन आराखडा

नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत आणि लग्नानंतरच्या नावातील तफावत, या दोन गोष्टींवरून शिक्षिकांचे अर्ज सर्वाधिक अडकलेले मी पाहिले आहेत.

५. अनुभवातून प्रश्न काढा

हा टप्पा घाईने उरकू नये. माझ्या मते संपूर्ण पीएच.डी.मध्ये अनुभवी माणसाला खरा फायदा मिळतो तो इथेच, आणि खरा धोकाही इथेच असतो. नवख्या संशोधकाला शाळा आतून माहीत नसते. आपल्याला ती इतकी माहीत असते की उत्तर आधीच ठरलेले असते. ‘पालक लक्ष देत नाहीत’, ‘अशैक्षणिक कामांमुळे गुणवत्ता घसरते’ ही विधाने खरी असू शकतील, पण आपण ती वीस वर्षे पाहिली हा संशोधनात पुरावा ठरत नाही. अनुभवाने प्रश्न कुठे शोधावा हे सांगावे, उत्तर मात्र माहितीवर सोडावे.

एक उदाहरण घेऊ. ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना गणित येत नाही’ हा विषय नव्हे, ती तक्रार आहे. तीच तक्रार घेऊन चौथीच्या वर्गात बसलो, तर दिसते की हातच्याच्या वजाबाकीत काही मुले नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, मग तो वर असो की खाली. येथे प्रश्न सापडतो : मुलांच्या चुकांचे प्रकार कोणते आहेत, शिक्षक त्या चुकांना निष्काळजीपणा समजतात की चुकीचा नियम, आणि या समजुतीनुसार त्यांचे अध्यापन बदलते का. प्रशासनातील व्यक्तीसाठी दुसरे उदाहरण केंद्रस्तरावरील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील शिक्षकांच्या, शिक्षण परिषदेचे आहे. परिषदा होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. तिथे मांडलेली एखादी पद्धत पुढच्या महिन्यात किती वर्गांत पोचते आणि वाटेत तिचे रूप कसे बदलते, हे फार थोडे लोक बारकाईने पाहतात. केंद्रप्रमुखाला हे पाहण्याची जशी संधी आहे तशी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला नाही.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयाजवळचे निदान दहा प्रबंध चाळावेत, त्यांतील दोन-तीन संपूर्ण वाचावेत. तेथे मराठी प्रबंधांत एक साचा पुन्हा पुन्हा दिसेल : ‘अमुक घटकासाठी कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. प्रायोगिक गट, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आणि शेवटी कार्यक्रम परिणामकारक ठरतोच. प्रायोगिक गटाला संशोधक स्वतः उत्साहाने शिकवतो आणि नियंत्रित गटाला नेहमीचे शिक्षक नेहमीसारखे शिकवतात, तेव्हा फरक कार्यक्रमाचा की शिकवणाऱ्याचा, हे सांगणे कठीण होते. हा साचा वापरूच नये असे नाही. वापरला तर या प्रश्नाचे उत्तर आराखड्यातच द्यावे.

विषय निश्चित करताना तीन व्यावहारिक कसोट्या लावाव्यात. माहिती देणारी माणसे आपल्या आवाक्यात आहेत का. उद्या बदली झाली तरी काम चालू राहील का. आणि ज्या योजनेवर विषय बेतला आहे ती चार वर्षांनी अस्तित्वात असेल का. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले तेव्हाच त्याचे लक्ष्य २०२६-२७ पर्यंतचे होते. योजनेच्या नावापेक्षा तिच्यामागचा प्रश्न, म्हणजे तिसरीपर्यंत मूल अर्थासह वाचते का, हा विषयाच्या केंद्रस्थानी ठेवला तर योजना संपली तरी प्रबंध शिळा होत नाही.

६. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

पेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठीय प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मुलाखतीस पात्र ठरण्यासाठी ५० टक्के गुण लागतात, आणि अंतिम यादीत परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. २०२४-२५ पासून नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची व्यवस्था आली असून, अध्यापकपदाच्या पात्रतेपर्यंत न पोचलेल्या उमेदवारांसाठी ‘केवळ पीएच.डी.’ असा तिसरा गट आहे. त्या गुणांची प्रवेशासाठीची मुदत एक वर्षाची असते. सेटधारकांना पेटमधून सूट आहे की नाही, हे विद्यापीठागणिक बदलते.

विषयाच्या भागात अनुभवी शिक्षक सहसा तरतात. संशोधन पद्धतीत मात्र एम.एड. होऊन बरीच वर्षे झाली असतील तर नमुना निवडीचे प्रकार, परिकल्पना, सप्रमाणता व विश्वसनीयता, आणि प्राथमिक संख्याशास्त्र पुन्हा नव्याने वाचावे लागते. मुलाखतीत आपल्या शाळेची कामगिरी सांगत बसू नये. समितीला आपला प्रश्न, पूर्वी त्यावर झालेले काम आणि माहिती कशी गोळा करणार, एवढेच ऐकायचे असते.

७. मार्गदर्शक

एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधकच असू शकतात. त्यामुळे आवडीचे मार्गदर्शक हवे असले तरी त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, हे विद्यापीठाच्या यादीत आधी पाहावे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्या अध्यापकांना नवा संशोधक घेता येत नाही.

विषय जुळणे महत्त्वाचे, पण नोकरदार संशोधकाने आणखी एक गोष्ट पाहावी : त्या मार्गदर्शकांच्या आधीच्या अर्धवेळ विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी प्रबंध सादर केले. त्या विद्यार्थ्यांना भेटावे आणि लिहून दिलेले प्रकरण किती दिवसांनी वाचून परत मिळते, एवढे विचारावे. काही वेळा मार्गदर्शक आपल्यापेक्षा वयाने लहान असतात. सर किंवा मॅडम म्हणताना मुख्याध्यापकपदाची सवय बाहेर ठेवावी लागते, आणि ते काहींना परीक्षेपेक्षा अवघड जाते.

८. अभ्यासक्रम आणि सहामाही सादरीकरणे

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम असतो. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हे भाग असतात, आणि ५५ टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अनेक केंद्रे हे तास शनिवार-रविवारी किंवा सुटीत घेतात, पण तसे बंधन नाही. म्हणून वेळापत्रक आधी विचारून घ्यावे.

त्यानंतर दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. कमाल मुदत प्रवेशापासून सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. संपूर्ण कालावधीत महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. सादरीकरण चुकवण्याची सवय लागली की प्रबंध मागे पडतो, हे समितीला आपल्या आधी कळते.

९. माहिती गोळा करताना

शाळेचे वर्ष समोर ठेवून वेळापत्रक आखावे. जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तक वाटप असते, दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात आणि निवडणूक लागली की सगळेच थांबते. प्रत्यक्षात जुलैचा मध्य ते सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारी हेच कामाचे महिने उरतात. विदर्भात शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, तिथे हा हिशेब आणखी पुढे सरकतो.

दुसऱ्या शाळांत जाण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घ्यावे, मुलांकडून माहिती घेताना पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि अहवालात मुलांची व शाळांची नावे सांकेतिक ठेवावीत. पदावरच्या माणसाने येथे विशेष जपावे. केंद्रप्रमुखाने आपल्याच केंद्रातल्या शिक्षकांना प्रश्नावली दिली, तर ‘मी मार्गदर्शक सूचनांचे पालन करतो’ या विधानापुढे सगळे ‘नेहमी’ असेच लिहितील. आपल्या अधिकाराखालील शाळा टाळून दुसऱ्या तालुक्यात जावे, किंवा प्रश्नावलीवर विसंबण्याऐवजी वर्गनिरीक्षण आणि मुलांच्या वह्या पाहाव्यात. तपासलेल्या वहीतून शिक्षकाबद्दल जेवढे कळते तेवढे ‘नेहमी’ ते ‘कधीच नाही’ अशा पाचबिंदू श्रेणीतून कळत नाही, असे माझे मत आहे.

इंग्रजी किंवा हिंदीतील प्रमाणित चाचणी घेत असाल तर तिचे मराठी भाषांतर करून ते दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत उलटवून घ्यावे, मूळ लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्यावी, आणि मराठी मुलांवर छोटी पथदर्शी चाचणी करून विश्वसनीयता पुन्हा काढावी. मूळ पुस्तिकेतील आकडा तसाच उतरवणे चालत नाही.

संख्याशास्त्राचे काम बाहेरून करून घेणे सर्रास चालते. मदत घ्यावी, पण प्रत्येक कोष्टक कोणत्या प्रश्नासाठी आहे आणि तीच सांख्यिकीय चाचणी का वापरली, हे आपल्याला सांगता यायला हवे. जेमोवी आणि जॅस्प ही विनामूल्य सॉफ्टवेअर शिकायला सोपी आहेत.

१०. लेखन, टंकलेखन आणि साम्य तपासणी

प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकलेखन करावे. डीटीपी करणारे अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये काम करून देतात. छापील पान सुंदर दिसते, पण इतरांच्या लिखाणाशी असलेले साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो आणि शेवटच्या महिन्यात पाचशे पाने रूपांतरित करून तपासण्याची वेळ येते. संदर्भनोंदींसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरावे आणि विद्यापीठ जी शैली मागेल, बहुधा एपीए (अमेरिकन मानसशास्त्र संघटना) शैलीची सातवी आवृत्ती, ती पहिल्या प्रकरणापासून पाळावी.

वाङ्मयचौर्याबाबतचे २०१८ चे विनियम स्पष्ट आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष बंदी. त्यावर गेल्यास नोंदणी रद्द. शिक्षणशास्त्रात साम्य वाढते ते बहुतेक दुसऱ्या प्रकरणात, कारण संबंधित साहित्याचा आढावा एकमेकांच्या प्रबंधांतून उचललेला असतो. मूळ संशोधन वाचले नसेल तर ते आढाव्यात घेऊ नये.

२०२२ च्या विनियमांनी शोधनिबंध प्रकाशनाची सक्ती काढली आहे, तरी काही विद्यापीठे ती ठेवतात. आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून चांगली नियतकालिके ओळखण्याची जबाबदारी संशोधकावर व विद्यापीठावर आली आहे. पैसे भरल्यावर आठ दिवसांत लेख छापून देणारे नियतकालिक टाळावे.

११. सादरीकरण, मौखिक परीक्षा आणि त्यानंतर

प्रबंधापूर्वीच्या सादरीकरणात आलेल्या सूचना लिहून घ्याव्यात आणि प्रत्येकीवर काय केले याची एक टिपणी मार्गदर्शकांकडे द्यावी. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि आयोगाच्या अपेक्षेप्रमाणे प्रबंध सादर केल्यापासून निकालापर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत संपायला हवी. मौखिक परीक्षा खुली असते. सहकारी ऐकायला येतात ही चांगली गोष्ट आहे, परंतु प्रश्नांची उत्तरे परीक्षकांना द्यावीत, सभागृहाला नव्हेत. ‘नमुना एवढाच का’, ‘आपण स्वतः त्या व्यवस्थेचा भाग असताना पूर्वग्रह कसा टाळला’ हे प्रश्न आपल्यासारख्यांना येतातच. त्यांची उत्तरे संशोधन पद्धतीच्या, म्हणजे बहुधा तिसऱ्या, प्रकरणात आधीच लिहिलेली असावीत.

निकालानंतर विद्यापीठाची अधिसूचना आणि पदवी आयोगाच्या विनियमांनुसार दिली जात असल्याचे नमूद करणारे तात्पुरते प्रमाणपत्र ताबडतोब मागून घ्यावे. मुलाखतीत किंवा पडताळणीत मुख्य पदवीइतकेच ते विचारले जाते. प्रबंधाची डिजिटल प्रत शोधगंगेवर गेली आहे का, तेही पाहावे. मग अधिसूचना, हे प्रमाणपत्र आणि प्रवेशापूर्वी मिळवलेले ना हरकत प्रमाणपत्र अशा तीन प्रती जोडून सेवापुस्तकात शैक्षणिक अर्हतेची नोंद करण्यासाठी अर्ज द्यावा आणि नोंद झालेल्या पानाची साक्षांकित प्रत स्वतःकडे ठेवावी.